दरवाजा शेवटच्या ओळीत

माझ्या इंग्रजीचं कौतुक तुम्ही पुष्कळ वेळा केलंत, मंडळी. आज त्या इंग्रजीनं घातलेला गोंधळ ऐका. चहा घेता घेताच ऐका, कारण हा किस्सा सांगताना माझा चहा दरवेळी गार होतो. तुमचा तरी होऊ नये.

लढाईची वर्षं होती. मी मॅट्रिक होऊन सांगलीच्या पेठेत एका अडत दुकानात कारकून लागलो होतो. दुकान हळदीचं आणि गुळाचं. तिथं इंग्रजीची गरज किती? काडीइतकीसुद्धा नाही! हळदीला इंग्रजी कळत नाही आणि गुळाला कळून घ्यायची हौस नाही. पण मला कोण अडवणार? शाळेच्या हेडमास्तरांकडून एक जुनी जाडजूड डिक्शनरी मागून आणली होती. ती गादीखाली ठेवायचो आणि दुपारी पेठ पेंगायला लागली की काढायचो. लोक कादंबऱ्या वाचतात ना, तशी मी डिक्शनरी वाचत असे. कथानक जरा कच्चं, पण पात्रं भरपूर.

याचा परिणाम असा झाला, की पेठेत मला 'इंग्रजी कारकून' म्हणू लागले. कुणाला रेल्वेचा कागद आला, कुणाच्या पार्सलावर काही लिहिलेलं असलं, की 'दाखवा विष्णूला!' मी कागद लांब धरायचो, डोळे बारीक करायचो, आणि दोन शब्दांचा अर्थ सांगायला पाव तास घ्यायचो. मान काय फुकट मिळतो का?

आता शिदा पैलवान. शिदा माझ्याच गावचा, शिराळ्याकडचा. तिसरीपर्यंत आम्ही एका सतरंजीवर बसलो. मग तो तालमीत गेला आणि मी चौथीत. जत्रांच्या मैदानांत त्यानं भल्याभल्यांना पाठ टेकायला लावली. पण नुसत्या कुस्तीवर चूल किती दिवस पेटणार? तोही सांगलीला आला आणि आमच्याच पेठेत पोती उचलू लागला. हमालच तो, पण 'हमाल' म्हणायची कुणाची छाती नव्हती. शेठजीसुद्धा म्हणायचे, "पैलवान, तेवढी थप्पी लावून द्या." बाकीची माणसं पोतं पाठीवर घेताना दुसऱ्याचा हात मागायची. शिद्यानं कधी हात मागितला नाही. तो पोत्यापुढं वाकायचा आणि पोतं आपलं आपण उठून बसल्यासारखं पाठीवर यायचं.

एक दिवस तो पेवात उतरला होता. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं खोल कोठार. तिथून पोतं वर देताना त्याच्या पाठीत काहीतरी तुटलं. आवाज त्याला एकट्यालाच ऐकू आला. त्यानं ते पोतं वर दिलं, मग स्वतः वर आला, अंग झटकलं आणि म्हणाला, "आज माजा उपास हाय. आता वजं न्हाई."

मी त्याला मिरजेला एका डॉक्टरकडं घेऊन गेलो. डॉक्टरनं पाठ दाबून पाहिली, पाय उचलायला लावले, आणि सरळ सांगितलं, "यापुढं जड ओझं उचललं तर पाय जातील. आणि गेलेले पाय परत आणायचं औषध माझ्याकडं नाही."

बाहेर आल्यावर शिद्यानं माझा दंड धरला.

"इष्ण्या, ह्ये तुला ठावं, मला ठावं, आन् तानीला ठावं. चौथ्याला कळलं तर तुजी माजी दोस्ती तुटली."

तानी म्हणजे त्याची बायको.

"अरे, पण दुखण्यात लाज कसली?" मी त्या काळी शुद्ध बोलायचो. त्याचाही मला अभिमान होता.

"पैलवानाची पाट गेली, मंग मागं काय ऱ्हायलं रं? नुस्ती मिशी?"

तिथून पुढं शिद्याचे उपास सुरू झाले. सोमवारी शंकराचा. मंगळवारी देवीचा. गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा, रविवारी खंडोबाचा. उपास असला की ओझं उचलायचं नाही, असा नेमही त्यानंच काढला. पेठ चकित झाली. पैलवान देवमाणूस झाला म्हणाली. एक म्हातारी तर येऊन त्याच्या पाया पडून गेली! बुधवार त्यानं विठोबाला दिला. राहिला शुक्रवार. शुक्रवारीही त्यानं कुठल्याशा देवीचा उपास धरला, आणि हा उपास फक्त बायका करतात असं कुणीतरी त्याला सांगितलं. त्या दिवशी मी शिद्याला प्रथमच घाबरलेला पाहिला.

दुसऱ्या दिवशी तानीवहिनी दुकानाच्या मागच्या दारानं आली.

"भावजी, आवं द्येव संपलं."

"कळलं मला."

"हसू नगा. कवातरी चारचौघांत कुनीतरी म्हनंल, 'उचल की रं पैलवान!' आन् ह्ये उचलत्याल. मला ह्येंचा सोभाव म्हाईत हाय. त्यास्नी बसायचं काम लावा कुटंबी. लय मोटं नगं. नुस्तं बसायचं."

बसायचं काम! सगळी मागणी एवढीच होती. लक्षात ठेवा म्हणत नाही, कारण तुम्ही विसरणार नाही. विसरलो तो मी.

योगायोग असा, की मिरज स्टेशनाजवळ लष्कराचं एक मोठं गोदाम होतं आणि त्याच्या फाटकावर पहारेकरी हवा होता. काम काय? स्टुलावर बसायचं, हातात काठी धरायची, मिशीला पीळ द्यायचा. शिद्यासाठी देवानं मोजमाप घेऊन शिवलेली जागा! गोदामावर एक गोरा कॅप्टन होता आणि तो माणसाला ओळखणाऱ्याची इंग्रजी चिठ्ठी बघूनच त्याला घ्यायचा.

इंग्रजी चिठ्ठी! माझ्या आयुष्याचं सार्थक उंबऱ्यात येऊन उभं राहिलं होतं.

"पाठीचं एक अक्षर लिवायचं न्हाई," शिद्यानं आधीच बजावलं.

"नाही लिहीत."

"आन् नुस्तं 'ह्येला दरवाजावर बशिवा' असं बी लिवू नगंस. भीक मागितल्यागत दिसतंय. आदी मानूस कोन हाय ते कळू दे. ताकद लिव. चिठ्ठी वाचून चोर भ्याला पायजे!"

"चोर चिठ्ठी वाचत नाही, शिद्या."

"सायेब वाचतोय न्हवं? मंग सायेब भिऊ दे."

आता तुम्ही म्हणाल, तू शहाणा ना, तू का ऐकलंस? अहो, मीही त्याच मातीतला! आमच्या भागात माणसाची ओळख करून द्यायची ती अशीच. पोरगी दाखवायच्या वेळी नवऱ्या मुलाबद्दल विचारा, त्याचा स्वभाव कुणी सांगणार नाही. 'दोन पोती एका दमात माळ्यावर चढवतो,' हे आधी सांगतील. मग तो दारू पितो का, हे तुम्ही तुमचं शोधायचं. ओझं हीच आमच्याकडची पदवी. तेव्हा ठरलं, आधी ताकद, मग दरवाजा.

दुपारी शेठजी आत झोपल्यावर मी कागद घेऊन बसलो. मदतीला भूपाल, माझ्या शेजारचा कारकून. भूपाल सीमेकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा; घरी अर्धं कानडी, दुकानात अर्धं मराठी, आणि दोन्हींत माझी टिंगल. शिदा उंबऱ्यावर बसला होता.

मी पहिलं वाक्य लिहिलं, 'हा मनुष्य जड ओझी कॅरी करतो.'

"कॅरी?" भूपाल म्हणाला. "यप्पा! आमचा चुलता छत्री कॅरी करतो. पैलवानाला बी कॅरीच?"

पटलं मला. कॅरी म्हणजे फारच पातळ शब्द. पाटी-दप्तराला ठीक. मी कॅरी खोडला आणि डिक्शनरी उघडली. आणि मंडळी, काय सांगू! ओझ्यासाठी इंग्रजांनी शब्दांचा बाजार मांडून ठेवला होता. हॉल होता, ड्रॅग होता, लग होता, हीव्ह होता, शोल्डर होता, बेअर होता. स्वतः ओझी उचलत नाहीत ना, त्यामुळं शब्दांना वेळ मिळाला असेल.

आता पंचाईत. हॉल आणि ड्रॅग दोन्ही ओढण्यालाच. मग फरक काय? आणि लग म्हणजे कष्टानं नेणं, तर त्यात उचलणं किती आणि ओढणं किती?

"करून बघू," भूपाल म्हणाला.

आम्ही गुळाच्या दोन ढेपा एका पोत्यात घातल्या. आधी भूपालनं पोतं दोरीनं ओढलं. मी म्हणालो, हा हॉल. मग मी पोत्याचा कान धरून फरफटत नेलं. तो म्हणाला, हा ड्रॅग. मग दोघांनी मिळून ते गुडघ्यावर आपटत, धापा टाकत माजघरापर्यंत नेलं आणि एकदम म्हणालो, "हाच लग!" मी घामानं भिजलो होतो. त्या दिवसापासून 'लग' या शब्दाला मला घामाचा वास येतो.

उंबऱ्यावर शिद्याला हे बघवेना. "आरं, आना ती हिकडं. मी दावतो कसं न्यायचं."

"बस खाली!" आम्ही दोघं ओरडलो.

"बसायचं काम मागतोयस ना?" मी म्हणालो. "मग बसायची सवय कर."

शिदा पोट धरून हसला. आणि हसताना अर्ध्यातच थांबला, कारण पाठीत कळ आली. आम्ही ते पाहिलं. तरी पुन्हा डिक्शनरीत डोकं घातलं.

एवढ्यात शेठजी उठून आले. दोन कारकून गुळाचं पोतं मिठी मारून उभे, आणि हमाल उंबऱ्यावर बसलेला. "काय चाललंय?" मी सांगितलं, इंग्रजी. शेठजी परत झोपायला गेले. लढाईनं जग बदललंय, असा त्यांचा समज झाला असावा.

शेवटी चिठ्ठी सजली. चिखलात रुतलेला गाडा बाहेर काढला त्याला हॉल. वखारीच्या अरुंद जिन्यावरून पोती नेली त्याला लग. जत्रेत धोंडा छातीवर घेऊन मागं फेकला त्याला हीव्ह. देवाची पालखी घेतली त्याला शोल्डर. आणि इतकी वर्षं कुरकुर न करता ओझी वाहिली त्याला बेअर. या बेअरवर तर मी स्वतःच भाळलो. त्या एका शब्दात मला शिदा साधुपुरुष दिसू लागला. असा एकही शब्द राहिला नाही, की ज्याला मी शिद्याच्या पाठीवर बसवलं नाही.

पान भरलं. तळाशी बोटभर जागा उरली. तिथं बारीक अक्षरात लिहिलं, 'यास फाटकावरील पहारेकऱ्याची जागा दिल्यास आभारी राहीन.'

मी चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. शिदा डोळे मिटून कीर्तन ऐकल्यासारखा ऐकत होता. एका अक्षराचाही अर्थ कळत नव्हता, पण मान बरोबर जागी हलत होती.

"लय जोरात हाय रं," तो म्हणाला. "दरवाजाचं आलं न्हवं?"

"आलंय की. शेवटी."

आम्ही दोघं टांग्यानं मिरजेला गेलो. कॅप्टनच्या टेबलापुढं उभे राहिलो. कॅप्टननं चिठ्ठी उघडली. वाचू लागला. मध्यावर आला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. तो उठून उभा राहिला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला, या वेळी मोठ्यानं! माझे शब्द गोऱ्या माणसाच्या तोंडून येत होते. हॉल काय, हीव्ह काय! मी आयुष्यात पुष्कळ सनई ऐकली, पण तसं काही ऐकलं नाही.

"हे कुणी लिहिलं?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"मी, सर."

"आणि हे खरं आहे?"

"एव्हरी वर्ड, सर!" गोऱ्या साहेबाशी माझं हे पहिलं संभाषण. छाती इतकी फुगली होती, की सदऱ्याचं बटण तुटायचंच बाकी होतं.

कॅप्टन टेबलाला वळसा घालून पुढं आला. शिद्याचे दंड त्यानं बैल बघावा तसे बघितले. मग माझ्याकडं वळून म्हणाला, असा माणूस फाटकावर बसवायचा? छे! शुद्ध नासाडी! वॅगनमधून यंत्रांच्या पेट्या उतरवायच्यात आणि माझी माणसं चार-चार मिळून एक पेटी रडत नेतात. हाच तर माणूस मी शोधतोय!

मी म्हणालो, "पण सर, शेवटची ओळ..."

शेवटची ओळ कोण वाचतो? साहेब बाहेर अंगणात पोचलासुद्धा होता. त्यानं सगळ्या हमालांना गोळा केलं, एका लाकडी पेटीवर बूट ठेवला आणि आपल्या हिंदुस्थानीत ओरडला, "पैलवान! उठाओ!"

शिद्यानं माझ्याकडं पाहिलं.

मंडळी, तेवढा एक क्षण माझा होता. मी बोललो असतो तर खेळ तिथंच थांबला असता. आणि मी बोलणारच होतो! वाक्य तोंडात तयार होतं. 'सर, याच्या पाठीला...' आणि पुढचा शब्द? 'हर्ट' म्हणावं? हर्ट फारच किरकोळ, त्यानं साहेबाला गांभीर्य कळणार नाही. 'इंज्युअर्ड'? तो जरा कागदी. 'ब्रोकन'? पण मोडली म्हणावं तर माणूस ताठ उभा आहे, साहेब म्हणणार खोटं बोलतोस. शिवाय आत्ताच 'एव्हरी वर्ड' म्हणून बसलो होतो! माझं निवडून होईपर्यंत शिदा पेटीपुढं वाकला होता आणि पेटी त्याच्या पाठीवर होती.

टाळ्या पडल्या. सगळ्या हमालांनी शिट्ट्या मारल्या. शिदा पेटी घेऊन सावकाश गोदामाच्या दारापर्यंत गेला, ती अलगद ठेवली, आणि वळून हसला. साहेबानं स्वतः त्याच्या पाठीवर थाप मारली. नेमकी तिथंच.

त्याला जड पेट्यांच्या टोळीचा पुढारी नेमलं. पुढारी म्हणजे पहिली पेटी त्यानं उचलायची, म्हणजे बाकीच्यांना उमेद येते.

परत येताना मी म्हणालो, "टांगा करू या."

"आता टांगा? समदी बघत्यात. चल चालत."

गोदाम दिसेनासं झालं तसं त्यानं एका कडुलिंबाचा बुंधा धरला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला. घाम गळ्यावरून वाहत होता.

"शिद्या, मी उद्याच साहेबाला खरं काय ते सांगतो."

"काय सांगनार? पैलवान मोडका हाय म्हनून? टाळ्या पडल्याव?" त्यानं मान हलवली. "ऱ्हाऊ दे गड्या. एक डाव उचलली, काय झालं? काय बी न्हाई. डागदराला काय कळतंय कुस्तीतलं?"

घरी तानीवहिनी दारात उभी होती. "झालं काम? बसायचं न्हवं?"

"पुढारी क्येलाय सायबानं मला," शिदा म्हणाला आणि आत गेला.

वहिनीनं चहा आणून माझ्यापुढं ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर मी बसून ऐकल्या असत्या. चहा मात्र पिववला नाही.

मी शिद्याला न सांगता दुसरं पत्र लिहिलं. या वेळी डिक्शनरी उघडली नाही. चार ओळी. या माणसाची पाठ दुखावली आहे, डॉक्टरनं ओझं उचलायला मनाई केली आहे, त्याला फाटकावर बसवा, चूक माझी आहे. संपलं. ते घेऊन एकटाच मिरजेला गेलो. कॅप्टननं ते वाचलं. मग खणातून पहिली चिठ्ठी काढली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मी मनात देवाचं नाव घेत होतो. कुठल्या, ते विचारू नका. शिद्यानं सगळेच दमवले होते.

"पहिलं पत्र फार चांगलं लिहिलंय," कॅप्टन म्हणाला.

"पण सर, खरं हे दुसरं आहे."

तो मिस्कील हसला. "मित्राशी भांडण झालंय का? तो पुढारी झाला म्हणून? होतं असं. मी त्याला पेटी नेताना डोळ्यांनी पाहिलंय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भांडण मिटवून टाका. आणि हे पाहा, मला कचेरीत कारकून हवाय. पहिल्या पत्रासारखं इंग्रजी लिहिणारा. येता?"

आता सांगा, काय करायला हवं होतं? मी 'येतो' म्हणालो. आत गेलो की संधी साधून शिद्याला फाटकावर आणून बसवीन, असं मी स्वतःला सांगितलं. मी स्वतःला सांगितलेलं मला नेहमीच चटकन पटतं.

मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. खिडकीतून अंगण दिसायचं. शिदा पहिली पेटी उचलायचा, टोळी ओरडायची, आणि मी मान खाली घालून मजकूर लिहायचो. माझ्याकडं बघून तो मिशीला पीळ द्यायचा. मला बरं वाटावं म्हणून. संधी साधायची होती ना? साहेब खुशीत असला की वाटायचं, याची खुशी कशाला घालवा. रागात असला की वाटायचं, आज नको.

आणि एका दुपारी शिद्यानं पेटी ठेवली, तिच्यावरच बसला, आणि उठलाच नाही. माणसं जमली. मी खिडकीतून उडी टाकूनच गेलो म्हणा ना. कुणीतरी म्हणत होतं, "उटा की पैलवान, काय झालं?" शिदा दोन्ही हातांनी मांड्या चाचपत होता. तो हसून सगळ्यांना म्हणाला, "उपास हाय गड्यांनो आज." आणि मग हळूच, फक्त मला, "इष्ण्या, पाय कुटं गेलं रं?"

कॅप्टनला वाईट वाटलं, खोटं का बोलू? त्यानं लष्कराची मोटार देऊन शिद्याला गावी पोचवलं. मोटार बघायला सगळं गाव लोटलं होतं म्हणे. मी गेलो नाही. कचेरीत काम होतं.

पुढं रजा मिळाली तेव्हा गावी गेलो. रजा आधी मिळाली नव्हती असं नाही. शिदा सोप्यात भिंतीला टेकून घोंगड्यावर बसला होता. वरचं अंग अजून तसंच, पैलवानाचं. पायांवर पटकूर टाकलेलं.

"या इंग्रजी कारकून!" तो ओरडला. "तानी, पानी आन. बालिस्टर आल्यात."

मी बसलो. इकडचं तिकडचं बोललो. पाऊस, ऊस, तालीम.

"एक सांग रं," शिदा म्हणाला. "त्या चिठ्ठीत काय लिवलं हुतंस? समदं गाव मला इचारतंय, आन् मला ठावंच न्हाई. मराटीत सांग."

चिठ्ठी मला पाठ होती. मी सांगू लागलो. चिखलातून गाडा ओढून काढतो. "व्हय," शिदा म्हणाला. अरुंद जिन्यावरून पोती चढवतो. "व्हय." जत्रेत धोंडा उचलून फेकतो. पालखी खांद्यावर घेतो. ओझी वाहतो, कुरकुर करत नाही.

तो पुढं ऐकायला थांबला होता. पुढं तळाची ती बोटभर ओळ तेवढी होती, ती मी गाळली.

"म्हंजे वजं उचलतो. येवडंच?"

"हो," मी म्हणालो. "एवढंच."

"मंग येकदाच लिवायचं की रं, येड्या! ऱ्हायल्याला समदा कागद दरवाजाला आला असता!"

आणि तो हसला, पूर्वीसारखा, पोट धरून. या वेळी मध्ये थांबला नाही. पाठीत आता कळच येत नव्हती. तानीवहिनीनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि तोंड फिरवून चुलीकडं गेली.

डोळे पुसत शिद्यानं विचारलं, "आन् तुजं काय? गोदामातच हाईस अजून?"

मी आढ्याकडं बघितलं. "हो. तिथंच."

"सायबाच्याच?"

"त्याच साहेबाच्या."

"आयला! मंग माज्या जागी तू वजं उचलतोस व्हय रं?"

"ओझं नाही. आत कचेरीतच असतो."

"मंग तितं काय करायचं असतंय? मला भायेरनं नुस्तं तुजं डोस्कं दिसायचं."

ड्राफ्टिंग म्हणता आलं असतं, कॉपिइंग म्हणता आलं असतं, करस्पॉन्डन्स म्हणता आलं असतं. डिक्शनरीभर शब्द होते. त्या दिवशी मला एकच सापडला, आणि तो शोधावाही लागला नाही.

"बसायचं," मी म्हणालो.

शिद्यानं मान चुलीकडं वळवली.

"तानी, ऐकलंस का? इष्ण्याची चिठ्ठी वाया न्हाई गेली. बसायचं काम लागलं."